कॉलर लाईनचं गाणं

चहावर साय धरली होती. मला आधी ती दिसली, आई नंतर. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कपबशी, नजर खाली स्वतःच्या पायांकडे, आणि कप बशीत बारीक किणकिणत होता. मी बूट काढता काढता म्हटलं, "काय गं, इथे काय उभी?" ती म्हणाली, "आत्ताच आले." आत्ताच आलेल्या माणसाच्या चहावर अशी जाड, कडेला सुरकुतलेली साय नसते. मी कपाला बोट लावलं. गार. म्हणजे तास झाला असेल, कदाचित दीड. माझी आई स्वतःच्याच घरात, दोन खोल्यांच्या मधल्या चार बोटं रुंद उंबऱ्याशी अडकून उभी होती आणि तिने कुणाला हाक मारली नव्हती. शेजारी ऐकतील म्हणून. "पाय ऐकत नाहीयेत," ती म्हणाली. दुसऱ्याच्या पोरांची तक्रार करावी तशी. मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. असं ओढायचं नसतं, हे मला नंतर कळलं. ती माझ्या अंगावर कलंडली, चहा माझ्या शर्टावर, आणि पडता पडता बाई म्हणते काय, "अरे, कॉलर सांभाळ, डाग निघत नाही."

तिला कॉलरचीच काळजी असणार. सत्तावीस वर्षं तिने शर्टाच्या कारखान्यात कॉलर लावल्या. रोजच्या किती, ते तिने कधी सांगितलं नाही. एवढंच सांगायची की रस्त्यावर माणूस दिसला की मला त्याचं तोंड नंतर दिसतं.

आता माझं काम सांगतो. मी एका बँकेच्या फोनवर बसतो. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, पलीकडे चिडलेला माणूस. "एक मिनिट होल्डवर ठेवतो सर" म्हणायचं आणि बटण दाबायचं. दाबलं की त्याला एक धून ऐकू जाते. अठरा सेकंदांची. अठराव्या सेकंदाला कुणीतरी कात्रीने कापावी तशी ती तुटते आणि परत पहिल्यापासून. आमच्याही कानात ती बारीक वाजत असते. तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी आपणहून एक गाणं ऐकलेलं नाही, खरं सांगतो. बसमध्ये पोरं कानात गाणी घालून डोलतात आणि मी कानात नुसतीच इयरफोनची बोंडं घालून बसतो, काही न लावता. माझ्यासाठी संगीत म्हणजे माणसाला जागेवर थांबवून ठेवायची वस्तू. त्या संध्याकाळी आईचे पाय लादीला चिकटलेले बघितले आणि माझ्या डोक्यात तीच धून सुरू झाली. थांबेचना. मी फरशी पुसत होतो आणि ती वाजत होती. तुटत होती, परत वाजत होती.

कंपवात, डॉक्टर म्हणाले. मेंदूकडून पायाकडे निघालेला निरोप मध्येच अडकतो. दार आलं, वळण आलं, फरशीचा रंग बदलला की पाय जागच्या जागी थिजतात. गोळ्या आहेत, पण त्यांचा असर दर वेळी वेळेवर येत नाही. ताईला मी सायीचं सांगितलं नाही, आईनेच फोनवर बोलता बोलता सांगून टाकलं, विनोद म्हणून. ताई दुसऱ्या शहरात असते, दोन मुलं, नवऱ्याची फिरतीची नोकरी, आणि ती घाबरली की रागावते. दोन दिवसांत तिने वृद्धांच्या एका संस्थेचा फॉर्म आणला. "चांगली जागा आहे," ती म्हणाली. "रात्रंदिवस माणसं असतात. मोठी बाग आहे."

"बागेत मी काय करू? उगवू?" आई म्हणाली.

"आई, हसण्यावारी नको नेऊस. हा नऊ तास बाहेर. तू बाथरूममध्ये अडकलीस तर कोण आहे?"

मी ताईवर चिडायला बघत होतो आणि चिडता येत नव्हतं, कारण ती बरोबर होती. शेवटी असं ठरलं की महिन्याच्या शेवटी दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई आईला चालवून बघतील आणि चिठ्ठी देतील. एकटी राहू शकते, किंवा नाही. जी चिठ्ठी येईल तसं करायचं. आईने मान डोलावली. नंतर मी बघितलं, ती कपाटातल्या घड्या उगाच काढून परत घालत होती. जणू कुणी आत्ताच येऊन म्हणणार होतं, चला. तिला हे घर सोडायचं नव्हतं. एवढंच होतं सगळं. दोन खोल्या, एक खिडकी, तिचा स्वतःचा गॅस. पण तिच्यासाठी तेवढंच होतं.

मग मी काय केलं? इंटरनेटवर शोधलं. संगीताने फायदा होतो, असं दहा ठिकाणी लिहिलेलं. मी एक छोटा स्पीकर आणला आणि मन शांत करणारं संगीत लावलं. पाण्याचा आवाज, मध्येच एखादी घंटा, लांबलचक सूर. आई दोन दिवस ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठली, चार पावलं टाकली आणि दारात थिजली. स्पीकरमधून पाणी वाहतंय, आई उभी. "याने मला झोप येते," ती म्हणाली, "पाऊल येत नाही." आणि तेव्हा मला दिसलं मी काय केलं होतं. मी माझ्या आईला होल्डवर ठेवलं होतं.

त्या रविवारी काजवाली मावशी आली. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे, कारखान्यातली. आई कॉलर लावायची, ही पुढच्या टेबलावर बटणांची काजं करायची. आवाज असा की जिन्यात आली की घरात कळतं. ती आली तेव्हा आई बाथरूमच्या दारात अडकलेली आणि मी दोन्ही हात धरून ओढतोय.

"सरक बाजूला, साहेब," मावशी म्हणाली. हेडफोन लावून बसतो म्हणून मी साहेब. "कपाट आहे का ते ओढायला?"

"अहो मावशी, ती पडेल."

"ती पडायची असती तर चिमट्याच्या राज्यातच पडली असती." आणि तिने जेवायच्या टेबलावर तळहात आपटला. धप्प, धप्प, धप्प, धप्प. भांडी हलली. मग गायला लागली, गायली कसली, ओरडलीच:

"आला चिमट्या, खाली मान,
गेला चिमट्या, वर कर मान,
कॉलर लाव गं, कॉलर लाव,
त्याच्याच मानेला कॉलर लाव!"

आईचा चेहरा लाल झाला. "गप गं, पोरगा आहे समोर."

"पोरगा कसला? डोक्यावरचे केस चाललेत त्याचे!" मावशीचा हात चालूच. आणि 'वर कर मान'ला मी बघितलं, आईची उजवी टाच उचलली. डावी. उजवी. ती बाथरूमच्या दारातून अशी बाहेर आली, जशी कुणी कधी अडलंच नव्हतं. टेबलापर्यंत आली, टेबलाला वळसा घातला, खिडकीपर्यंत गेली, परत आली. मावशी दुसऱ्या कडव्यावर पोचली होती. दुसरं कडवं मी इथे लिहीत नाही. त्यात चिमट्याची पँट आहे. आई हसत होती आणि चालत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती चालत होती.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. माझे पाय थिजले म्हणा ना. आनंद झालाच, पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी टोचलंही. चिमट्या म्हणजे सुपरवायझर, शिवलेला तुकडा दोन बोटांच्या चिमटीत धरून मेलेल्या उंदरासारखा उचलायचा म्हणून. हे मला त्या दिवशी कळलं. आईने घरी कधी गाणं म्हटलेलं मला आठवत नाही. घरी ती गप्प असायची, थकलेली, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे. लहानपणी मी कारखान्याच्या दाराशी तिची वाट बघत उभा राहायचो आणि आतून एक घरघर यायची, तीस मशिनींची मिळून एकच, पोटात जाणवणारी. त्या घरघरीच्या आत ही बाई गात होती तर. घाणेरडं गाणं. तीस बायका मिळून. आणि मग भोंगा वाजला की तोंड पुसून, गंभीर होऊन, माझी आई बनून बाहेर यायची. मला वाटलं, जिला मी रोज गोळ्या देतो तिला मी ओळखतच नाही. आणि मग वाटलं, बरं झालं. माझ्याकडे अजून एक आई शिल्लक आहे.

मावशीचं गाणं मी फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतलं. तीन वेळा घ्यावं लागलं, दोन वेळा ती मध्येच हसली. आणि मग मी शहाणपणा केला. इंटरनेटवर वाचलं होतं, मिनिटाला एकशेदहा ठोके असले तर चालणं सुधारतं. मावशीचं मोजलं, सत्तरच्या आसपास. म्हटलं, किती हळू! फोनमध्ये वेग वाढवता येतो. वाढवला. मावशीचा आवाज पिपाणीसारखा झाला, पण ठोके एकशेदहा. आईला उभं केलं, लावलं. चार पावलं ती धावली, खरंच धावली, पुढे झुकलेली, पायांच्या पुढे छाती, आणि पाचव्याला गुडघ्यावर आपटली. आवाज फार नाही झाला. पिपाणी वाजतच होती, कॉलर लाव गं कॉलर लाव, आणि मला ते बंद करायचं बटण सापडेना.

गुडघ्यावर बर्फ धरून बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "तू कुणाच्या चालीने लावलंस?"

"कुणाच्या म्हणजे? बरोबर असते त्या चालीने."

"बरोबर अशी चाल नसते." तिने माझ्या हातातून बर्फ काढून घेतला, स्वतः धरला. "सकाळी आम्ही बसलो की आधी बघायचो, आज कुणाचा हात जड आहे. कुणाला ताप, कुणाची कंबर, कुणी रात्रभर पोराला घेऊन जागलेली. तिच्या हाताने गाणं सुरू करायचं. तीच पहिली ओळ म्हणणार. मग पुढची कितीही चपळ असो, गाण्याच्या पुढे नाही जायचं. शिवायचा गठ्ठा कुणापुढेच साठायचा नाही. चिमट्याला कधी कळलंच नाही की मागे कोण पडतंय. कारण कुणी पडायचंच नाही." तिने बर्फ गुडघ्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवला. "काजवालीचं बाळंतपण झालं तेव्हा दोन महिने इतकं हळू म्हटलंय आम्ही, चिमट्याला वाटायचं कुणी मेलंय."

मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मला रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं. तीन वर्षं मी एका धुनेवर माणसं थांबवत होतो, आणि ही बाई, सातवी शिकलेली, सत्तावीस वर्षं एका गाण्याने कुणालाच मागे पडू देत नव्हती. मी म्हटलं, "आज तुझा हात जड आहे. तू म्हण. मी मागे येतो." ती म्हणाली, "तुला गाता येत नाही." मी म्हटलं, "माहितेय." तिने सुरू केलं. पहिल्यांदा इतकं हळू की दोन शब्दांच्या मध्ये खालच्या रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न येऊन गेला. आला. चिमट्या. खाली. मान. मी टेबलावर हात मारला. ती उठली. "बेसूर आहेस," दारापाशी पोचल्यावर ती म्हणाली, "पण ठोका पक्का आहे. माझ्यावर गेलास."

मग रोज. सकाळी मी कामावर जाण्याआधी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. दार, वळण, बाथरूम, गॅस, परत. कधी पन्नासने, कधी साठने, तिच्या त्या दिवसाच्या पायाने. खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा झाडूच्या दांड्याने छत ठोकलं, तेही ठोक्यावर, आई म्हणाली, "बघ, त्यांनाही आवडलं." आणि मला काय झालं ते सांगायला मला नीट शब्द नाहीत. बसमध्ये माझा पाय आपोआप हलायचा. जेवण जायला लागलं. झोप लागायला लागली, तळाला जाऊन लागणारी. अंगात काहीतरी जागेवर आलं, जसं ड्रॉवर कधीचा तिरका अडकलेला असतो आणि एक दिवस आपसूक सरकतो. कामावर एकदा होल्डचं बटण दाबायचं राहिलं आणि मी स्क्रीनवर खातं शोधत गुणगुणत होतो. परत लाईनवर आलो तर पलीकडच्या आजी म्हणाल्या, "हे नवीन टाकलंत का? आधीच्यापेक्षा बरं आहे. पण चिमट्या कोण?" टीमलीडरने रेकॉर्डिंग ऐकलं. मला बोलावलं, झापलं, सगळं रीतसर केलं. दुपारी पाण्याच्या मशीनपाशी तो स्वतःच गुणगुणत होता, कॉलर लाव गं.

महिन्याचा शेवट आला. ताई पहाटेच्या गाडीने आली, फॉर्म भरूनच आणलेला, फक्त सही बाकी. व्यायामाच्या बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. बाई तरुण, कडक, गळ्यात स्टॉपवॉच. जमिनीवर पिवळी पट्टी, आणि खोलीच्या मधोमध एक लाकडी चौकट, नुसतीच, भिंतच नाही. भिंत नसलेलं दार. खुर्चीतून उठायचं, दारातून जायचं, पट्टीच्या टोकाला वळायचं, दारातून परत यायचं, बसायचं. मी टेबलाजवळ खुर्ची ओढली आणि हात वर घेतला.

"तुम्ही काय करताय?" बाई म्हणाल्या.

"ठोका देतो. गाणं असतं आमचं. त्याच्यावर चालते ती."

"गाणं नाही, ठोका नाही, फोन नाही. मला बघायचंय त्या एकट्या असताना काय होतं. घरी तुम्ही असता का दिवसभर? आणि खोकल्याने आवाज बसला त्यांचा, तर? तोंडातून शब्द न काढता चाला, आजी."

मी वाद घालायला लागलो. माझा आवाज चढला. ताईने माझं मनगट धरलं, आणि आई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

संपलं. मला एवढंच सुचलं. मी हात मांडीखाली दाबून बसलो, नाहीतर तो आपोआप टेबलावर गेला असता. आई उठली. दोनदा प्रयत्न करून उठली. चालायला लागली, लहान लहान, घासत, आणि त्या भिंत नसलेल्या दारापाशी आली आणि थिजली. माझ्या डोक्यात ती जुनी अठरा सेकंदांची धून जागी झाली. ताई अर्धी उठली. बाईंनी पेन उचललं. मी आईकडे बघत होतो, तोंडाकडे. तोंड घट्ट मिटलेलं, आत टाचण्या धरल्यासारखं. आणि मग मला दिसलं की तिच्या उजव्या हाताचा अंगठा हलतोय. पहिल्या बोटावर पुढे सरकतोय, थांबतोय, सरकतोय. कापड ढकलल्यासारखा.

टाच उचलली.

ती दारातून गेली. पट्टीच्या टोकाला वळली, वळताना चार छोटी पावलं, चारही सारखी. परत आली. दारात एक क्षणही रेंगाळली नाही. मी मनात गाण्याच्या ठोक्यावर पावलं मोजत होतो, माझ्याकडून दुसरं काही होतच नव्हतं. बेचाळीस. बसली. आणि बसल्या बसल्या तिचं तोंड उघडलं आणि मोठ्याने बाहेर आलं, "...कॉलर लाव!"

आणि तोच शब्द, त्याच क्षणी, माझ्याही तोंडातून.

बाईंनी स्टॉपवॉच बघितलं, आईकडे बघितलं, परत स्टॉपवॉच बघितलं. "काय केलंत तुम्ही?"

"गायले."

"मला ऐकू आलं नाही."

"तुम्हाला ऐकू आलं असतं ना बाई, तर आमची सगळी लाईन घरी बसली असती." आई धापा टाकत होती आणि तिचे डोळे असे चमकत होते की काय सांगू. "चिमट्या एका टोकाने आत शिरला की तोंडं बंद. गाणं नाही बंद. तो सगळी रांग बघत बघत जायचा, कुणाची कॉलर उचलायचा, कुणाला बोलायचा, आम्ही आपल्या खाली माना. आणि तो पलीकडच्या दारातून बाहेर पडला की तीस जणी एकदम तोंड उघडायच्या. एकाच शब्दावर. एकीचाही शब्द कधी मागेपुढे झाला नाही."

बाईंनी लिहिलं. 'एकट्या राहू शकतात. तीन महिन्यांनी दाखवावे.' सही केली, शिक्का मारला, आणि चिठ्ठी देता देता हळूच म्हणाल्या, "या गाण्याला आणखी एखादं कडवं आहे का?"

"आहे," आई म्हणाली. "पुढच्या वेळी दार लावून घ्या, मग सांगते."

ताईने चिठ्ठी दोनदा वाचली. मग फॉर्म पर्समध्ये खाली, अगदी तळाला, चाव्यांच्या खाली घातला. "बाथरूममध्ये धरायला दांडा मात्र बसवायचा," ती म्हणाली, रागावलेल्या आवाजात. आई म्हणाली बसव. ताई म्हणाली, "मला का नाही कधी शिकवलंस हे?" आणि आई म्हणाली, "तू शाळेत जायचीस, बाळा. तिथे चाललं नसतं."

बाहेर येता येता मी आईला सांगितलं, बेचाळीस पावलं झाली. लिफ्टपाशी गर्दी होती. मी बटण दाबायला गेलो तर आईने जिन्याकडे बोट केलं. आम्ही दोघं एकदम नको म्हणालो. ती म्हणाली, सपाट जमिनीपेक्षा पायऱ्या बऱ्या, पायरी स्वतःच सांगते पाय कुठे ठेवायचा. तिने एका हाताने कठडा धरला आणि तोंड उघडलं. तिचा आवाज मावशीसारखा नाही, बारीक आहे, पण तो जिना वरपासून खालपर्यंत पोकळ होता आणि त्याने तो बारीक आवाज घेऊन असा मोठा करून परत दिला की पहिल्या मजल्यावरून दोन नर्सेस वाकून बघायला लागल्या. आला चिमट्या, खाली मान. एक पायरी. गेला चिमट्या. एक पायरी. मी मागून, बेसूर. आणि मधल्या वळणावर तिसरा आवाज आला, चुकलेला, परत पकडलेला. ताई. हातात पर्स, डोळे पुसत, कॉलर लाव गं. तिचा पाय सगळ्यात मागे पडत होता, नवीन होती ना. आईने वळून बघितलं नाही. नुसती चाल थोडी हळू केली.

तळाला चौकीदार उभाच होता. त्याने भिंतीवरच्या पाटीवर काठी ठेवली. "आजी, वाचता येतं ना? शांतता राखा."

"राखली की," आई म्हणाली. "वर. बेचाळीस पावलं राखली." आणि त्याच्या शेजारून, मान वर करून, दुसरं कडवं सुरू करत ती बाहेरच्या उन्हात गेली.